डाव्या खिशातला चाकू

"सांगितलं तर खोटं वाटेल तुम्हाला, बाई. कुणालाच खरं वाटत नाही," असं म्हणत डावऱ्याने न विचारताच स्टूल ओढलं. "पण तुमचे मास्तर आणि मी, आम्ही दोघांनी एकदा अख्खी सर्कस वाचवली आहे. दोन डाव्या हातांनी!"

तंबू शिवायचा कारखाना तो. मालकीणबाई सत्तरीच्या, मांडीवर ताडपत्रीचा तुकडा, दोन्ही हात त्याखाली. कोपऱ्यात मशीनवर म्हातारा शिंपी. बाहेर दारावर चिठ्ठी डकवलेली: 'कापणीला माणूस पाहिजे. डावखुराच हवा. चाकू कारखान्याचा.'

मास्तर, म्हणजे बाईंचे यजमान, वारले त्याला दोन वर्षं झाली, एवढं डावऱ्याने कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून काढून घेतलं होतं. बाकीचं त्याने स्वतःच जुळवलं. असल्या बायकांना तो ओळखून होता. नवऱ्याच्या गादीवर बसायचं, आणि चाकूचं पातं कोणतं नि मूठ कोणती तेही ठाऊक नसायचं.

"सर्कस राहू दे," बाई म्हणाल्या. "तुझा चाकू दाखव."

डावऱ्याने डाव्या खिशातून घडीचा चाकू काढला आणि नाक मुरडलं. "बघा हे ध्यान. उजव्यांसाठी उजव्यांनी केलेलं. क्लिप उजव्या खिशापुरती. माझ्या खिशातून काढला की आधी हातात फिरवून सरळ करायचा. उघडायची खुंटी पलीकडच्या अंगाला, तिथे माझा अंगठा पोचत नाही. मिटायचा तर पातं अडवणारी पट्टी बोटाने ढकलायची, आणि पातं त्याच बोटावर येतं." त्याने बोट पुढे केलं. "हा वण पहिल्या चाकूचा. हा दुसऱ्याचा. दहातली नऊ माणसं उजवी, आणि नऊच्या नऊ बिनडोक. त्यांना वाटतं, देवाने चाकू असाच घडवला."

"मी उजवाच आहे," शिंपी मशीनवरून म्हणाला.

"शिवणीवरून कळलंच ते."

बाईंच्या ओठाचा कोपरा जरा हलला. "तो खण उघड. आतला घे."

खणात एक चाकू होता. मूठ वापरून वापरून साबणाच्या वडीसारखी झालेली. डावऱ्याने तो उचलला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा अंगठा न शोधता खुंटीवर पडला. खटकन पातं उघडलं. पट्टीही अंगठ्याखालीच. मिटला, उघडला, पुन्हा मिटला. डाव्या खिशाला लावून पाहिला. क्लिप अशी बसली, जणू तो खिसा त्या चाकूसाठीच शिवला होता.

चार महिने हाताला काम नव्हतं. 'उलटा कापतोस' म्हणून तीन मुकादमांनी हाकललं होतं. घरी बायको विचारायचंही सोडून बसली होती. आणि इथे चाकूच उलटा, म्हणजे त्याच्यापुरता सुलटा!

"आता काप," बाई म्हणाल्या. "या टोकापासून त्या टोकापर्यंत. रेघ न मारता."

सहा हात ताडपत्री त्याने एका दमात कापली. काप पाण्यासारखा गेला. बाई मांडीवरचा तुकडा पोटाशी धरून उठल्या, कापावर डोळा लावून वाकल्या, मग पुन्हा बसल्या.

"सरळ आहे. सोमवारपासून ये. चाकू तुझ्याजवळच राहू दे."

झालं होतं काम. शहाणा माणूस नमस्कार करून घरी गेला असता. पण डावऱ्याच्या मनात आलं, म्हातारी आहे, उद्या कुणी कान भरले तर फिरेल. पक्कं केलेलं बरं. आणि असल्या बाईला पक्कं करणं म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ.

"हा चाकू माझ्याकडेच यायचा होता, बाई. मास्तर तसं बोलून गेले होते."

"कधी?"

"सांगत होतो ना, सर्कशीच्या वेळी! अशी वावटळ सुटली की मधला खांब कलला. खाली हजार माणसं, वर झोक्यावर पोरी. दोन्ही बाजूंचे दोर एकाच क्षणी कापायचे, तर तंबू हळूच बसणार. नाहीतर सगळ्यांच्या उरावर! चाळीस उजवे आपापले खिसे चाचपत राहिले. कुणाचा चाकू अडकला, कुणाचा पडला, एकाने तर स्वतःचा पट्टाच कापला. मास्तर त्या टोकाला, मी या टोकाला. नजरानजर झाली. दोघांचे हात डाव्या खिशात. कच! तंबू असा बसला, जणू हत्तीण पिलाला जपून बसते आहे. साधं खरचटलंही नाही कुणाला."

"मास्तरांनी कुठल्या हाताने कापला म्हणालास?" शिंप्याने विचारलं. मशीन थांबलं होतं.

"डाव्याने! आणखी कुठल्या? हाच चाकू होता. बाई, काय तो हात! तसा डावा हात मी दुसरा पाहिला नाही. नंतर मला जवळ घेऊन म्हणाले, 'बाळा, माझ्यामागे हा तुझा. मूठ सांभाळ.' मी म्हटलं, 'मास्तर, तुमच्या हातातच शोभतो तो.' डोळे भरून आले हो त्यांचे."

शिंपी खाली मान घालून मशीनला तेल देऊ लागला. त्याचे खांदे हलत होते.

डावऱ्याने डोळ्याच्या कडेला बोट लावलं आणि बाईंकडे पाहिलं. त्याही भरल्या डोळ्यांनी बघत असतील, असा त्याचा होरा होता.

बाईंनी मांडीवरच्या तुकड्याखालून डावा हात बाहेर काढला. बोटं संधिवाताने वाकडी झालेली, अंगठ्याच्या पेरावर चाकूच्या खुंटीने पडलेला घट्टा. तो हात त्यांनी त्याच्यापुढे पसरला.

"आण तो चाकू इकडे," त्या म्हणाल्या. "मास्तर उजवे होते. कापायची मी."