अप्पा उठेपर्यंत

“वहिनी, हात वाळले गं माझे. ही म्हैस विहिरीतून निघायची कधी?” शेजारच्या पाटावरून नणंद कानाशी कुरकुरली.

आमच्याकडे थोरला माणूस उठल्याशिवाय पंगत उठत नाही. माझे सासरे, अप्पा, पूर्वी ताक संपताच ताडकन उठायचे. हृदयाचे ठोके आवरणारी नवी गोळी सुरू झाली आणि ताकानंतर त्यांना गोष्टी सुचू लागल्या. आज म्हशीची होती. सांगताना अप्पांची नजर मात्र भिंत किती लांब आहे ते मोजत होती. सगळ्यांना दिसत होतं. पण टेबल-खुर्चीवर जेवायचा विषय काढून दिरांनी अप्पांचा आठवडाभराचा अबोला ओढवून घेतल्यापासून बोलत कुणी नव्हतं.

एकदाची म्हैस निघाली. “ती गोळी उद्यापासून बंद,” अप्पा म्हणाले. “तोंडाची चव जाते.”

तीन वाट्या आमटी पिऊन हे! मी डॉक्टरांना आधीच विचारून आले होते.

“गोळी अशी एकदम सोडायची नाही, अप्पा. हृदयाला धोका असतो. उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं, आणि या गोळीने ठोके लगेच वाढत नाहीत. म्हणून आधी गुडघ्यावर यायचं, थोडं थांबायचं, मग उठायचं. पंगत थांबेल. हिचे हात वाळू देत.”

एवढं बोलून मी थोरल्यांच्या आधी उठले आणि डावा हात पुढे केला.

अप्पांनी तो धरला. “उठताना घेरी येते गं मला,” ते म्हणाले.