मागचं वजन

गावामागची टेकडी चढायच्या शर्यतीसाठी प्रफुलनं जुन्या जीपला पुढून बैलाच्या छातीएवढा लोखंडी बंपर ठोकला. जिनिंगच्या काट्यावर, कापसाच्या गाड्यांच्या रांगेत उभं राहून वजन केलं, तर जीप दीड क्विंटलनं फुगलेली! मग पठ्ठ्यानं मागची सीट काढली, स्टेपनी काढली आणि गॉगल लावून तयार बसलेल्या बायकोलाही उतरवलं.

"तू घरीच राह्य गुंजन. वजन होते."

अर्ध्या टेकडीवर मागची चाकं जागीच गरगरू लागली. चिखल थेट पंचांच्या टोप्यांवर उडाला. बघ्यांतले म्हातारे बापूराव ओरडले, "अबे, मांगून हलकी झाली नं! वखरावर गोटा ठेवल्याबिगर त्याची लोखंडी पास मातीत धसते का? बसव कोनाले तरी मांगं!"

पण नियमानं गाडीत फक्त जोडीदार बसू शकत होता, आणि प्रफुलनं जोडीदार म्हणून नाव दिलं होतं गुंजनचं. चाकाखालचा चिखल उकरून हात भरलेले, म्हणून त्यानं फोन स्पीकरवर टाकला. "अवं, पळत ये नं! मांगं नुसती बस!"

सगळी टेकडी कान देऊन उभी राहिली.



"येते नं जी," गुंजन म्हणाली, "पहिले थोडं वजन कमी करून घेते."