स्वयंपाकघरातला रस्ता

थोरल्याला नवीच खोड लागली होती. स्वयंपाकघरात शिरताना तो दारात थांबायचा, डावीकडे-उजवीकडे बघायचा आणि मगच झपझप ओट्यापाशी जायचा.

"माझ्या ओट्याला शिंगं फुटलीत का रे?" आई विचारायची. तो हसायचा नाही.

थोरला नगरपालिकेत नकाशे काढायचा. शहराचा नवा आराखडा उद्या लोकांच्या हरकतींसाठी फलकावर लागणार होता. आज आईने त्याला जेवतानाच धरलं.

"आपल्या घरावर काय दाखवलंय?"

"मोठा रस्ता," तो ताटात बघत म्हणाला. "साहेबांनी सांगितलं, रेघ मी मारली."

"कागदावरचा रस्ता कागदावरच राहील. पहिली हरकत माझी," असं म्हणत ती पाणी आणायला तरातरा उठली.

"आई, थांब जरा."

ती स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. मांडणीवरची भांडी किणकिणली. बंद खिडक्यांच्या त्या खोलीतून काहीतरी जड, सावकाश, आडवं निघून गेलं. तिचा पदर एका अंगाला उडाला. मागे डिझेलचा वास राहिला.

तिने डावीकडे बघितलं. मग उजवीकडे. भांडी पुन्हा किणकिणायला लागली होती.

मान न वळवता तिने हात मागे, त्याच्याकडे केला.

"घरात रस्ता तू आणलास. आता मला पलीकडे नेणंही तुझ्याच गळ्यात. रोज."