क्लॅरिनेटची ओळ

संध्याकाळी वरात होती आणि क्लॅरिनेट काही केल्या बोलत नव्हतं. लोकांच्या वरातीत फुंकून फुंकून अंकुशचा बाप, बँडमधला क्लॅरिनेटवाला, गेल्या महिन्यात मेला. त्याच्या जागी अंकुश आता लॅपटॉपवरचं क्लॅरिनेट लावणार होता. नोटेशनच्या फाइलीत ट्रम्पेट वाजे, ड्रम वाजे. बापाच्या ओळीवर मात्र स्वर लिहिलेले असूनही आवाज नाही. त्यानं स्पीकर बदलला, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. शेवटी मिक्सर उघडला, तर त्या एकाच ओळीचं म्यूट दाबलेलं.

बापानंच दाबलं होतं. आपली ओळ गप्प करून, बाकीच्या वाद्यांसोबत तो इथंच बसून रियाज करायचा.

अंकुशनं म्यूट काढलं. क्लॅरिनेट वाजलं, अगदी बिनचूक.

"ह्यो कोण रं?" भाकरी थापता थापता आईनं विचारलं. "मधी दमच घेत न्हाई. मेलेलं माणूस वाजवतंय जणू."

"मशीन हाय, आये. मशीनला कसला दम?"

"मग बंद कर त्याला."

त्यानं चिडून म्यूट दाबलं, पण धून तशीच चालू ठेवली. आणि त्याचं लक्ष आईकडं गेलं. क्लॅरिनेटच्या रिकाम्या जागेत, बाप जिथं दम घ्यायचा नेमका तिथंच, आई श्वास ओढत होती. तिचे हात थांबत, मग पुन्हा भाकरीवर पडत. तिला स्वतःला याचा पत्ताच नव्हता.

अंकुशनं नवरदेवाच्या बापाला फोन लावला. "क्लॅरिनेट मिळणार न्हाई. बाकीचा बँड येतो. चालत नसंल तर दुसरा बघा."