जुन्या ट्रकचं डावं दार

सकाळी बसवलेलं दार दुपारच्या उन्हात वेगळं पडलं. बाकीचा ट्रक फिकट हिरवा, आणि डावीकडचं ते एकटंच दार केळीच्या नव्या पानासारखं गर्द. ट्रकचा ड्रायव्हर यॉ बरिमा त्याच्याभोवती दोनदा फिरला आणि मटकन जुन्या टायरवर बसला.

"मावशी, दार बोंबलतंय गं!"

सेर्वामावशी स्प्रेगन धूत होती. कुमासी शहराच्या सुआमे भागात हजारो गॅरेजं एकमेकांना खेटून उभी आहेत. पण जुन्या गाडीच्या पत्र्याला रंग जुळवावा तो सेर्वामावशीनेच, असं तिचे वैरीही म्हणत. ती उठून आली आणि डोळे बारीक करून बघत राहिली. काल संध्याकाळी तिने दुधाच्या डब्याचं झाकण रंगवून ह्याच ट्रकला लावून बघितलं होतं. तेव्हा झाकण कुठलं आणि ट्रक कुठला, ते तिचं तिलाच कळेना.

"चार वाजता अफ्रियीआई येणार," बरिमा रडवेला होऊन म्हणाला.

एजुरा गावच्या बाजारात याम नावाचे मोठाले कंद विकले जातात, आणि तिथे अफ्रियीआईचा शब्द शेवटचा. हंगामाचे पहिले याम ठोकलेल्या ट्रकमध्ये भरायचे नाहीत, ही तिथल्या बायकांची रीत. आणि पहिली खेप ज्याची, त्याचाच अख्खा हंगाम. पंधरा दिवसांपूर्वी एका मेंढीला वाचवायला गेला आणि बरिमाने रस्त्यावरच्या मोरीचा कठडा ठोकला. मेंढी वाचली, दार गेलं. दुसऱ्या ट्रकचं दार मिळालं ते निळं. ते असं रंगव की ठोकल्याचा कुणाला संशयही येऊ नये, एवढंच त्याने मावशीकडे मागितलं होतं.

मावशीने बॉनेटच्या खाचेत बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं.

"काय चोळलंस ह्याला?"

"काही नाही."

"बरिमा!"

"थोडं रॉकेल. म्हणजे, अर्धा डबा. काल तुझ्याकडे आणायचा होता ना. सासरवाडीला कुणी मळक्या कपड्यांत जातं का?"

रॉकेल चोळलं की विटलेला रंग तुकतुकीत दिसतो, हे तिथल्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक. ऊन लागलं की रॉकेल उडून जातं आणि गाडी पुन्हा आपल्या वयाची होते. मावशीने काल जो रंग जुळवला, तो ट्रकचा नव्हताच.

"अरे शहाण्या, पोरगी दाखवायला आणावी तसा पावडर फासून आणलास!" मावशी कडाडली. शेजारचे पत्रे ठोकणारे हातोड्या थांबवून हसायला लागले. मग तिचाच आवाज खाली आला. "माझंही चुकलंच. आधी थिनरने पुसून बघावं, हे मी जगाला शिकवते. इथे सगळ्यालाच रॉकेलचा वास, त्यात माझं नाक मेलंय."

"आता गं?"

"आता तू तोंड बंद ठेव."

तिने दार पॉलिश पेपरने घासलं, बॉनेट थिनरने पुसून काढलं आणि नवा रंग कालवायला घेतला. पांढरा ओतला, जरासा पिवळा. तरी हिरवा आपला तोरा सोडेना. तेव्हा काडीच्या टोकाने तिने तांबड्याचा एक थेंब टाकला.

"हिरव्यात तांबडा?" बरिमा ओरडलाच.

"वीस वर्षं लाल धूळ खाल्लीय तुझ्या ट्रकने. ती नुसत्या हिरव्यात कुठून येणार?"

झाकण रंगवून तिने उन्हात वाळवलं आणि बॉनेटला लावलं. झाकण दिसेनासं झालं. बरिमाला एवढा आनंद झाला की तो मावशीच्या पाया पडायला वाकला. तिने त्याला कोपराने ढकललं आणि दारावर रंग मारायला घेतला.

दुसरा हात संपला तेव्हा तीन वाजून गेले होते. "पाचपर्यंत बोट लावायचं नाही," तिने बजावलं.

अफ्रियीआई साडेतीनलाच आली, बरोबर दोन बायका. बरिमाने धुतलेला पांढरा शर्ट घाईघाईने चढवला आणि पुढे झाला. बाईने आधी हौद्याच्या फळ्या वाजवून पाहिल्या. मग टायर. मग उजवं दार उघडून मिटलं. ती डावीकडे वळली तसा बरिमाचा धीर सुटला. तो झटकन तिच्या आडवा आला आणि मोठ्या ऐटीत दाराला पाठ टेकून उभा राहिला.

सेर्वामावशीने कपाळावर हात मारला.

"बाजूला हो," अफ्रियीआई म्हणाली.

तो झाला. दारावर त्याच्या पाठीचा ठसा उमटला होता, शिवणीसकट.

"वळ."

तो वळला. अफ्रियीआईने त्याची पाठ बघितली, बॉनेट बघितलं, पुन्हा पाठ बघितली. "रंग मात्र झकास जुळवलास गं सेर्वा," ती म्हणाली.

बरिमाला उभ्या जागी गाडून घ्यावंसं वाटलं. "आई, मी सांगणारच होतो. त्या मोरीपाशी..."

"मोरीपाशी माझी नणंद भाजलेली केळी विकते. त्याच संध्याकाळी कळलं मला. पंधरा दिवस वाट बघतेय, हा बाबा तसाच दोरीने दार बांधून येतो की काय." तिने वळून बरोबरच्या बायकांकडे पाहिलं. त्या तोंडावर हात धरून हसत होत्या. "ठोकलेला ट्रक नको असं आम्ही म्हणतो ते कशासाठी? ठोकून ज्याला काहीच वाटत नाही, त्याच्या हाती माल द्यायचा नाही, म्हणून. सोमवारी पहाटे एजुराला ये."

बरिमाचे डोळे भरून आले. "येतो, आई. नवा शर्ट घालून येतो."

"मुळीच नको," अफ्रियीआई म्हणाली. "हाच घालून ये. बाकीच्या बायकांनाही बघू दे."