लाल फुल्या

काल संकष्टी होती आणि वासंतीनं भर दुपारी तीन सुके बोंबील खाल्ले होते. उत्तनच्या कोळिणीकडचे, तव्यावर भाजून, वर कच्चा कांदा. हे तिला आज सकाळी कळलं, शेजारची नीलम "काल उपास किती वाजता सोडलात?" असं विचारून गेली तेव्हा.

ती तडक भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली. कालच्या चौकोनावर लाल स्केचपेनची भलीमोठी फुली होती. तिच्याखाली गणपती, चंद्रोदयाची वेळ आणि नवा सिलिंडर लावल्याची नोंद, तिघंही गाडली गेली होती.

फुल्या क्षितिजाच्या. वय वर्षं वीस. सकाळी उठून अंथरुणाची घडी घालणं तिला जमत नव्हतं, पण अकरा महिन्यांत एक फुली चुकली नव्हती. एरवी ती झोपताना मारायची. काल क्लासच्या घाईत सकाळीच उरकून टाकली.

"दिवस जाणारच होता ना," ती म्हणाली.

"सहा वर्षांत माझी एक संकष्टी चुकली नव्हती. आणि कोणापायी चुकली, तर त्या कोरियातल्या गाणाऱ्यापायी. त्याला तुझं नाव तरी माहितीये?"

"आई, तो मिलिटरीत आहे. तिकडे सगळ्या मुलांना जावंच लागतं. अठरा महिने. गाणारा असो नाहीतर मंत्र्याचा मुलगा. इस्रायलमध्ये तर मुलींनापण नेतात."

"मग तुला तिकडेच पाठवते. निदान अंथरूण तरी उचलशील."

"पाठव. तिकडे आत घेतानाच सुटायची तारीख सांगतात. ह्याची आठ डिसेंबर. दोनशे अकरा राहिले."

"मोठी आली तारीखवाली," वासंती म्हणाली. कालच्या बदल्यात आज उपास धरायचा, असं तिनं ठरवून टाकलं आणि उरलेले दोन बोंबील डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवले. उपास ईश्वरसाठी होता. ईश्वर, तिचा नवरा, मस्कतला एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर. दोन वर्षांत कायमचा परत येतो म्हणून गेला, त्याला सहा वर्षं झाली. मधे दोनदा येऊन गेला, पंधरा-पंधरा दिवस. 'आता येतोच' मात्र सहा वेळा म्हणून झालं होतं. शेवटचं ह्या गणपतीचं.

तिकडे शुक्रवारी सुट्टी, म्हणून त्याचा व्हिडिओ कॉल शुक्रवारी दुपारी यायचा. आजही आला. मिशी नीट कापलेली, मागे नवा सोफा.

"ऐक, गणपतीला नाही जमणार," तो म्हणाला. "कॉन्ट्रॅक्ट वाढवून घेतलंय. आता पुढच्या वर्षी येतोच."

सात, वासंतीनं मनात मोजलं. मोबाइल घेऊन ती कॅलेंडरपाशी गेली. खिळ्याला दोऱ्यानं लाल स्केचपेन टांगलेलं होतं. तिनं दातांनी त्याचं टोपण काढलं.

"अहो, तारीख सांगा."

"कसली?"

"यायची. लिहून ठेवते."

ईश्वर हसला. अगदी मोकळेपणानं हसला.

"अगं, अशी तारीख कशी सांगू? मला काय इथे कोणी जबरदस्तीनं धरून ठेवलंय?"

सोफ्यावर मोबाइल बघत पडलेल्या क्षितिजानं मान वर केली.

वासंतीनं पेनाला टोपण लावलं. "जेवून घ्या," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला. मग स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा डबा काढला आणि गॅस पेटवून तवा ठेवला. बोंबलांचा वास हॉलपर्यंत गेला.

क्षितिजा दारात येऊन उभी राहिली. "आई, तुझा आज उपास ना?"

"कोणासाठी?" वासंती म्हणाली आणि कांदा चिरायला घेतला.