निशाणावरचा नंबर

थोरल्याची एक खोड आईला कधीच खपली नव्हती. बोलायला तोंड उघडलं की हातात काय आहे याचं त्याला भान राहत नसे. चमचा असो की तापलेली इस्त्री, तोंडाबरोबर हात चाललाच. आज त्याच्या हातात कापड कापायची मोठी कातर होती, आणि विषय फुटबॉलचा होता.

आईच्या शिवणाच्या दुकानात कटिंगच्या टेबलावर क्लबचं नवं निशाण पसरलं होतं. चाहते आपापल्या जुन्या जर्सी आणून देत आणि त्यांचे तुकडे जोडून आई दर वर्षी ते शिवत असे. मधोमध खडूने आखलेला गोल अजून कोरा होता. तिथे मोसमातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूचा नंबर लागायचा, आणि ज्यांच्या जर्सी निशाणात गेल्या त्यांनीच तो एकमताने ठरवायचा. एकमत व्हायचं म्हणून सकाळपासून दुकानात वीस माणसं कोंबली होती. तितकीच पायरीवर उभी राहून आत रेटत होती.

"दहा नंबर! दुसरा कोण?" थोरला म्हणाला. "बावीस गोल केलेत त्यानं. हातापायाची बोटं संपतात, तरी दोन उरतात."

"आणि आपल्या जाळ्यात जायचे ते किती वाचले, ते कुणाच्या बोटांवर मोजायचे?" जावई म्हणाला. "गोलकीपर मोडक्या अंगठ्याला पट्टी बांधून चार सामने उभा राहिला. मान एक नंबरचा."

"पाहुणे, तुम्ही नका बोलू. तुमची जर्सीसुद्धा बायकोनं घेऊन दिलेली."

"हो ना मेव्हणे, पण माझी घामानं विटली तरी. तुमच्या जर्सीची अजून घडी मोडायचीय."

पायरीवरचे खो-खो हसले. थोरला हसला नाही. तो टेबलाला वळसा घालून पुढे आला, आणि कातर त्याच्याबरोबर आली.

आईच्या ओठांत तीन टाचण्या होत्या. निशाणाची कड टाचता टाचता तिचा हात थांबला. थोरल्याच्या प्रत्येक शब्दाला कातर उघडत होती, मिटत होती, उघडत होती. जावई मागे सरकत कापडाच्या फळ्यांना टेकला होता. छाती पुढे काढून तो मेव्हण्याच्या डोळ्यांत बघत होता. खाली काय आहे ते त्याने बघितलंच नव्हतं.

"अहो, अडवणं हे काय काम आहे?" थोरला ओरडला. "गोल होतो तो दिसतो. जे झालंच नाही, त्याचा कुणी सत्कार करतं का?"

"दहा! दहा!" पायरीवरून आवाज उठला आणि मागून रेटा आला. थोरला अर्धं पाऊल पुढे ढकलला गेला. कातरीची दोन पाती जावयाच्या पोटाशी उघडी राहिली, शर्टाच्या बटणाच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरं.

पडद्याआड तिची धाकटी लेक, जावयाची बायको, बसली होती, काज-बटणं करत. तिला हाक मारावी? नको. थोरल्याला हाक मारावी? एकदा इस्त्री हातात असताना मारली होती. तो दचकून गर्रकन वळला होता, आणि इस्त्री शेजारच्या कारागिराच्या हाताला लागली होती. तो कारागीर अजून उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो.

"एक नंबर!" कोपऱ्यातला कुणीतरी किंचाळला. परत रेटा येणार होता. पायरीवरचे खांदे वळलेले तिला दिसले.

तिने टाचण्या तळहातावर थुंकल्या. टेबलावरचं निशाण ओढलं, ते हातावर धरून माणसांमधून वाट काढत दोघांच्या मध्ये शिरली, आणि कोऱ्या गोलाचं कापड त्या उघड्या पात्यांत सरकवलं.

"खडूवरून," ती म्हणाली. दुकानात रोज म्हणायची तशीच, हळू.

थोरल्याची मान खाली गेली. सातव्या वर्षापासून त्याचा हात त्या एका शब्दावर चालत आला होता. कातर वळली, पातं खडूच्या रेघेला लागलं आणि खर्र करून वीतभर कापत गेलं. तेवढ्यात रेटा आला. माणसं एकमेकांवर कोसळली. पाती तोवर मिटलेली होती, कापडात गुंडाळलेली, आणि त्यांच्यावर आईची मूठ होती.

जमिनीवर काहीतरी टपकन पडलं आणि मशीनच्या पायाशी घरंगळत गेलं.

जावयाने आता खाली बघितलं. शर्टाच्या पोटावर बटणाच्या जागी नुसते दोन दोरे लोंबत होते. त्याने पोट आत ओढून घेतलं. थोरल्याने आधी ते दोरे बघितले, मग आपला हात बघितला. पडद्याआड दोरा तोडल्याचा बारीक आवाज आला, आणि लेकीने विचारलं, "काय गं झालं आई? गप्प का झाले सगळे?"

आईने कातर त्याच्या बोटांतून काढून घेतली. ती टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, त्याचा हात पोचणार नाही अशी ठेवली. मग ती वाकली, मशीनखालून बटण काढलं, पदराला पुसलं आणि थोरल्याच्या तळहातावर ठेवलं.

"हे बटण तुझ्या बहिणीनं लावलेलं आहे," ती म्हणाली. "जे झालंच नाही त्याचा सत्कार कशाला, म्हणालास ना? आत जा. तिच्या हातात दे आणि सांग, बाहेर काहीसुद्धा झालं नाही. तिच्या डोळ्यांत बघून सांगता आलं, तर दहा लावते. नाहीतर एक."